वाढदिवसाची पट्टी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं, मग राग. हसू कशाचं ते पुढे कळेलच. राग एवढ्याचाच, की त्या तपासाची बातमी छापून आली तेव्हा ‘अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने पुसलेले चित्रीकरण मिळवले’ असं तिच्यात लिहिलं होतं. म्हणे तंत्रज्ञान! सोबतच्या फोटोत वरिष्ठ होते, तांत्रिक विभागातली दोन चष्मेवाली मुलं होती, मी नव्हतो. निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, तरी तो सल गेला नाही. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. नाव कुणाचंच घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी तेव्हा बिबवेवाडी भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि परीक्षा देत वर आलो. त्याआधी वडिलांबरोबर जुन्या बाजारात फुटपाथवर बसून जुने रेडिओ आणि पंखे विकले. प्रशिक्षण केंद्रात मला कायदा शिकवला, पण माणूस मी त्या फुटपाथवर शिकलो. तिथला एक नियम असा: समोरच्याला त्याचा माल बाहेर काढायला लावायचा असेल तर मालाचं कौतुक करू नका, किंमत पाडा. तो चिडून स्वतःच पोतं उघडतो.

आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे एक फिर्याद आली. फिर्यादी मोबाइलच्या दुकानाचा मालक. चौकाचौकातल्या फलकांवर त्याचा हात जोडलेला फोटो असायचा आणि अख्खा भाग त्याला ‘भाऊ’ म्हणायचा. दुकान फोडून नवे मोबाइल नेले, आणि नेणाऱ्याला आपण स्वतः पळताना पाहिलं, रात्री साडेआठच्या सुमारास, असं भाऊंनी जबाबात सांगितलं. तो मुलगा पूर्वी त्यांच्याच दुकानात कामाला होता आणि भांडून गेला होता. प्रत्यक्षदर्शी आहे, जुनं वैर आहे, मग काय? दुपारपर्यंत खडकीहून मुलाला उचलून आणलं.

मुलगा खडकीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. त्याला नुकताच कायम नोकरीचा आदेश आला होता. पोलीस पडताळणी तेवढी बाकी होती. त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र गेलं असतं तर तो कागद चहाच्या टपरीवर भजी बांधायला गेला असता.

त्याची आई संध्याकाळी ठाण्यात आली. रडली नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी राहून भांडली.

“साहेब, माझा पोरगा काल खडकीत आमच्या जयंतीच्या स्टेजवर होता! ढोलकी वाजवत होता. केबलवर लाइव्ह होतं. अख्ख्या पुण्यानं बघितलं!”

“बाई, हळू बोला,” अंमलदार म्हणाला.

“हळू कशाला? टीव्हीवर हळू दिसला होता काय?”

मला ती बाई तिथेच पटली. पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. तिच्या मागच्या बाकावर भाऊ बसले होते, पुरवणी जबाबासाठी आलेले. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

गाण्याच्या पार्टीतल्या लोकांचे जबाब घेतले. सगळे म्हणाले, होता. पण ते त्याचेच सोबती. प्रेक्षकांना विचारलं तर गायिकेची साडी सगळ्यांना आठवत होती. ढोलकीवाला? “होता की कुणीतरी निळ्या फेट्यातला.” फेटे सगळ्यांनाच निळे होते. ढोलकी जयंतीत सगळे ऐकतात, ढोलकीवाल्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी केबल चॅनलच्या कचेरीत गेलो. जिन्याखालची खोली, एक पंखा, दोन संगणक आणि घाम पुसणारा मालक.

“साहेब, ते रेकॉर्डिंग पुसलं गेलं. डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं घेतो. आमची पद्धतच आहे.”

“इंटरनेटवर टाकला होता ना व्हिडिओ?”

“तोही काढला.”

“डिस्क दाखवा.”

डिस्कवर शिवजयंतीची मिरवणूक होती, कुणाचं तरी कीर्तन होतं, एक टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती. सगळं जयंतीच्या आधीचं.

“वा!” मी म्हणालो. “म्हणजे ताजं दूध ओतून देता आणि नासलेलं जपून ठेवता?”

तो काहीतरी पुटपुटला. माझा पारा चढायला फार लागत नाही. मी टेबलावर हात आपटला, त्याच्या चहाचा कप बशीसकट उडाला. मग मी खुर्ची ओढून शांत बसलो, कारण आरडाओरड्यानंतरची शांतता जास्त उपयोगी पडते.

“हे बघा, मालक. तुम्ही साक्षीदार व्हायचं की आरोपी, एवढंच आज ठरवायचंय. साक्षीदाराला ठाण्यात खुर्ची देतात. आरोपीला फरशी.”

त्याने पंख्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि तो बोलला. भाऊंचा फोन आला होता. पट्टीवर आपला फोटो वाईट आलाय, लोक हसतायत, तो कार्यक्रमच सगळीकडून काढून टाक, असं ते म्हणाले होते.

“कसली पट्टी?”

“वाढदिवसाची, साहेब. खाली सरकते ना, शुभेच्छांची. भाऊंचा वाढदिवस जयंतीच्याच दिवशी असतो.”

हे ऐकून मी तिथून बाहेर पडलो तो जवळजवळ उडतच. पण वरिष्ठांनी हवा काढून घेतली. “फोटो वाईट आला म्हणून काढायला लावलं, यात गुन्हा कुठे आहे? मला चित्र दाखवा.” चित्रासाठी डिस्क तांत्रिक विभागात पाठवली. तिथल्या मुलांनी सांगितलं, पुसून वर जुनंच काहीतरी पुन्हा भरलंय, काही निघणार नाही. व्हिडिओच्या परदेशी कंपनीला पत्र धाडलं. उत्तर आलं, विहित मार्गाने अर्ज करावा. मुलगा येरवड्यात आणि नोकरीवर रुजू होण्याची मुदत जवळ येत चाललेली. त्याची आई रोज येऊन बाकावर बसायची. आता भांडायचीही नाही. ते मला जास्त लागायचं.

घरी एकदा जेवताना टीव्ही चालू होता. खाली कुणाच्या तरी बारशाची पट्टी सरकत होती. पत्नी म्हणाली, “थांबा, ही आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची नात!” आणि तिने मोबाइल काढून पट्टीचा फोटो घेतला, त्याला पाठवायला. वर चाललेल्या बातम्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

माझा घास हातातच राहिला. अहो, हेच तर! कार्यक्रम कोण जपून ठेवतं? माणूस स्वतःची पट्टी जपून ठेवतो. ज्याचा ज्याचा वाढदिवस त्या रात्री सरकला, त्याच्या त्याच्या घरी तो कार्यक्रम तुकड्यातुकड्यांनी जिवंत असणार!

सकाळी केबलवाल्याला फोन केला. “त्या रात्री पट्टीवर कोण कोण होतं?”

“खडकीचे डेअरीवाले आप्पा, एक जिमवाला आणि... भाऊ.”

आप्पांकडे धावलो. “आहे ना, साहेब! सगळ्या नातेवाइकांना पाठवलीय,” म्हणत त्यांनी क्लिप लावली. आप्पांच्या चिरंजीवांनी मोबाइल टीव्हीला इतका चिकटवून धरला होता, की पडदाभर आप्पाच. वर गायिकेच्या साडीचा काठ तेवढा दिसत होता. जिमवाल्याकडे गेलो. त्याने क्लिपवर दुसरंच गाणं चढवलं होतं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. पाकळ्यांच्या मागे स्टेज आहे की शेत, काही कळेना. मी त्या पोराला एवढा ओरडलो, की व्यायाम करणारे वजनं खाली ठेवून बघायला लागले.

उरले भाऊ. पण ज्याने सगळं पुसायला लावलं, तो स्वतःचं ठेवेल? आमच्या हवालदाराला हे अजिबात पटत नव्हतं.

“साहेब, एवढा पक्का माणूस. केव्हाच उडवलं असेल.”

“तो कार्यक्रम उडवेल. वाढदिवस उडवणार नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“आणि मागितल्यावर देईल?”

“मागणार कोण आहे?”

जबाबावर एक सही राहिली आहे असा निरोप देऊन भाऊंना ठाण्यात बोलावलं. दोन पंच बाहेर बसवून ठेवले. भाऊ आले, अंगठ्यांचा हात पुढे करून बसले. चहा मागवला.

“भाऊ, वाढदिवस झाला म्हणे. आम्हाला सांगितलं नाहीत.”

“चालायचंच, साहेब. कामाचा माणूस मी.”

“डेअरीवाल्या आप्पांची पट्टी पाहिली. काय थाट होता! तुमची मात्र एकदाच येऊन गेली म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“जाऊ द्या हो. लोकांच्या तोंडाला कोण लागतं? म्हणतात, भाऊंचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. केबलवालासुद्धा कोपऱ्यात टाकतो.”

भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फुटपाथवर गिऱ्हाईक असं लाल झालं, की वडील मला हळूच कोपर मारायचे.

“कोपऱ्यात? अहो, दर जाहिरातीला माझी पट्टी होती! पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत!”

“असेल. मी कुठे पाहिलीय? आता चॅनलवरही काही नाही. आप्पांकडे निदान पुरावा तरी आहे.”

“पुरावा? माझ्याकडे नाही होय?” भाऊंनी मोबाइल काढला, अंगठा फिरवला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. “बघा!”

मी पाहिलं. छातीत ढोलकीच वाजायला लागली.

सिंहगडच्या बाजूच्या एका हॉटेलातला हॉल. भिंतीवर मोठा टीव्ही. त्याच्या बरोबर खाली, पट्टी आणि आपण एकाच चौकटीत यावं म्हणून मुद्दाम उभे राहिलेले भाऊ, हातात सुरी, समोर केक. पट्टीवर भाऊंचा फोटो. आणि पट्टीच्या वर, कॅमेरा अगदी जवळ नेलेला, ढोलकीचा तुकडा वाजवणारा तो मुलगा. डावखुरा. ढोलकी उलटी धरलेली. कोपऱ्यात ‘थेट’ लिहिलेलं आणि त्याखाली वेळ. पट्टीचे पैसे देणाऱ्यांना आपली पट्टी किती वाजता आली ते बघायचं असतं, म्हणून चॅनल वेळ दाखवायचं. वेळ तीच, भाऊंनी फिर्यादीत सांगितलेली.

चोर म्हणून ज्याला धरलं तो खडकीच्या स्टेजवर. चोराला डोळ्यांनी पाहणारा सिंहगडच्या बाजूला केक कापतोय. एकाच चौकटीत दोघे, आणि दुकानाजवळ एकही नाही!

“वा, भाऊ,” मी म्हणालो. “परत एकदा दाखवा.”

त्यांनी खुशीत परत दाखवली.

“आणखी एकदा. हवालदार, या, बघा भाऊंचा थाट.”

तिसऱ्यांदा भाऊंनी स्वतःही नीट पाहिलं. नजर केकवरून वर सरकली, पट्टी ओलांडून त्याच्याही वर. चेहरा उतरला. अंगठा स्क्रीनकडे निघाला. मी मनगट धरलं.

“दाखवलेला माल परत पोत्यात घालत नसतात, भाऊ.”

पंचांसमक्ष फोन जप्त झाला, पंचनामा झाला. पुढची चौकशी फार ताणावी लागली नाही. दुकान त्यांनी माणूस लावून स्वतःच फोडून घेतलं होतं, विम्यासाठी. जुना राग म्हणून मुलाचं नाव घुसडलं. तो त्या वेळी टीव्हीवर होता हे त्यांना त्याची आई ठाण्यात ओरडली तेव्हाच कळलं. मोबाइलची खोकी हिंजवडीत त्यांच्या मेव्हण्याच्या बंद फ्लॅटमध्ये सापडली, सील न तोडलेली.

मुलाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला आणि तो सुटला. पडताळणीचा कागद मी स्वतः हातोहात पुढे पाठवला. टपालावर माझा विश्वास आहे, पण एवढा नाही. शेवटच्या दिवशी तो कामावर रुजू झाला. आईने बाकावरून उठताना फक्त म्हटलं, “मी म्हणत होते ना, अख्ख्या पुण्यानं बघितलंय.”

त्यानंतर ती बातमी आली, तो फोटो आला, ते ‘तंत्रज्ञान’ आलं. मी वरिष्ठांच्या केबिनमध्ये जाऊन बोलायचं ते बोललो. उत्तर मिळालं, “अहो, तांत्रिक तपास म्हटलं की खात्याची प्रतिमा उंचावते.” उंचावली असेल. माझी मात्र पुढच्याच बदल्यांत वाहतूक शाखेत बदली झाली.

त्या तपासाने मला शिकवलेली गोष्ट साधी आहे. हरवलेलं चित्र यंत्रात शोधण्याआधी ते कुणाच्या मिरवण्याचं आहे ते शोधा. माणूस पुरावे पुसतो, बिलं फाडतो, साक्षीदार फितवतो. स्वतःचा हार घातलेला फोटो मात्र त्याच्याने पुसवत नाही. पुढे किती तरी प्रकरणांत हे मला उपयोगी पडलं, आणि कुठल्याही विभागाकडे हे यंत्र नाही.

पुढच्या जयंतीला मुलाच्या आईचा फोन आला. “साहेब, स्टेजवर या म्हटलं तर तुम्ही यायचे नाहीत. निदान टीव्ही लावा.” लावला. तीच पार्टी होती, ढोलकीवर तोच मुलगा. आणि खाली पट्टी सरकत आली: माझा वर्दीतला जुना फोटो आणि पुढे ‘साहेबांचे मनःपूर्वक आभार’. कुठून मिळवला होता तो फोटो, देव जाणे.

पत्नीने घाईघाईने मोबाइल धरला. नंतर क्लिप पाहिली. माझा फोटो टोपीपासून बिल्ल्यापर्यंत सगळा आलाय. वरचा ढोलकीवाला खांद्यापाशी कापला गेलाय, त्याचा डावा हात तेवढा दिसतो.

फोनमध्ये जागा संपली की मुलगा म्हणतो, “बाबा, जुनं काहीतरी पुसा.” मी बरंच पुसलंय. ती क्लिप अजून आहे.