माझं हुबेहूब सीताफळ

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना भल्याभल्यांना ठसका लागलाय!

जन्मभर विजेच्या खांबांवर चढून तारा जोडल्या. शाळेशी तर आमचं कधी जमलंच नाही. पण रिटायर झालो, इथं हिंदी मुलखात, हरिशंकरपुरमच्या घरामागे बाग फुलली आणि एकदम वाटलं, हे कागदावर उतरवायचं. तेही हुबेहूब! फोटोनं लाजावं असं!

मॉडेल कोण? आमच्या झाडावरचं एकुलतं एक सीताफळ. त्याचा एकेक डोळा रंगवायला मला अख्खी सकाळ लागायची. दिवाळीच्या प्रदर्शनात चित्र मांडणार, हे मी गावभर सांगून बसलो होतो.

त्या दिवशी अंघोळ करून आलो, तर फांदी रिकामी!

आता संशय कुणावर घेणार? अहो, शेजारी सक्सेना होतेच की! मेरठहून नवे आलेले. आदल्याच दिवशी भिंतीवरून म्हणाले होते, "काकाजी, अब तो तैयार है!" मला वाटलं, चित्राबद्दल बोलतायत. भोळा ना मी!

तेवढ्यात भिंतीपलीकडून भाभीजींचा आवाज. फोनवर नवऱ्याला सांगत होत्या, "सुनो जी, बढ़िया सीताफल मिल गया। छिलके समेत छौंक रही हूँ। किसी को साथ मत लाना!"

ऐकलंत? कबुलीजबाब! वर साक्षीदारही नको! आणि सीताफळाला फोडणी? चोरी एक वेळ माफ केली असती हो, पण फोडणी?

तसाच ओल्या केसांनी त्यांच्या स्वयंपाकघरात घुसलो.

"भाभीजी, सीताफल कहाँ है?"

"अरे, ख़ुशबू वहाँ तक पहुँच गई? बैठिए, पूड़ी उतार रही हूँ।"

किती ती हिंमत! मी कढईवरचं झाकण उचललं. आत पिवळ्याधमक फोडी. ओट्यावर उरलेला अर्धा भोपळा.

"ये तो कद्दू है!"

"हाँ तो? हमारे मेरठ में इसी को सीताफल कहते हैं।"

माझ्या हातातलं झाकण गार पडलं.

तेवढ्यात भिंतीवरून आमची ही ओरडली, "अहो, सीताफळ शोधताय का? मी खाल्लं! डोळे उघडले होते त्याचे, उद्या पोपटांनी फोडलं असतं. तुमचं चित्र होईपर्यंत ते काय झाडावर पेन्शन खात बसणार होतं?"

नशीब, मराठी तिथं कुणाला कळत नाही! पण भाभीजींचा चेहरा बदलला. "काकाजी, आप इतने ग़ुस्से में क्यों आए थे?"

काय सांगणार? तुम्हाला चोर ठरवायला आलो होतो म्हणून?

इतक्यात सक्सेना घरी आले, ते थेट आमच्या बागेत डोकावूनच. "काकाजी, आपकी पेंटिंग देखी! वाह! वही डंठल, वही गोलाई! बिल्कुल हमारा सीताफल!" आणि बोट ओट्यावरच्या भोपळ्याकडे!

मी एकदा भोपळ्याकडे पाहिलं, एकदा भाभीजींकडे. अब्रू वाचवू की कला?

पाट ओढला आणि बसलो. "जी, पेंटिंग में इसकी फाँकें ठीक बनी हैं या नहीं, वही मिलाने आया था।"