समोरच्या काकांचा राजीनामा

आमच्या समोरच्या काकांइतके राजीनामे आजवर रोममध्येही कोणी दिले नसतील, आणि दिलेला राजीनामा इतक्या डौलात परत घेणं तर तिथल्या भल्याभल्यांना जमलेलं नाही. काका इंग्लंडातल्या मेडनहेड गावात आमच्या दारासमोर राहतात, म्हणजे आता राहत होते असं म्हणायला हवं. कौन्सिलच्या पार्किंग खात्यातून निवृत्त झालेला माणूस एक तर बाग करतो, नाहीतर गुडघे करून घेतो. काकांनी इटलीचं राजकारण धरलं. तेही सगळं नाही, तिथला एकच माणूस. राजकारणात मध्यापासून जरासा डावीकडे झुकलेला हा पंतप्रधान, त्याला काका 'आमचे साहेब' म्हणत, आणि त्याची सगळी कारकीर्द त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. काका-काकू एकदा सहलीला रोमला गेले होते. तिथे कुठल्याशा सरकारी वाड्यासमोर त्यांची बस अडली, आतून साहेब बाहेर आले आणि त्यांनी हात हलवला. काकांनीही हलवला. काकूंच्या मते तो हात मागे उभ्या असलेल्या फोटोग्राफरसाठी होता, पण काका त्या दिवसापासून 'आमची ओळख आहे' असंच सांगत.

रविवारी सकाळी काका गाडी धुवायला बाहेर आले की मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो. एखादे वेळी विसरलो, की साहेबांची कारकीर्द सुरुवातीपासून ऐकावी लागे. गावच्या नगरपालिकेतली पहिली निवडणूक, पक्षातली भाऊबंदकी, मग सहा पक्षांची मोट बांधून आणलेलं सरकार. त्या सहांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नसत आणि एकाचं तर स्वतःशीच पटत नसे. असं सरकार पडायला फार जोर लागत नाही, ते पडे. साहेब राजीनामा देत. मग देशाचे राष्ट्रपती त्यांना बोलावून घेत, तुमच्याशिवाय आहे कोण म्हणत, साहेब नको नको म्हणत, आणि शेवटी मान खाली घालून पुन्हा खुर्चीत जाऊन बसत. हा भाग काकांचा सगळ्यात आवडता. सांगताना हातातल्या पाइपाचं पाणी शेजाऱ्याच्या गुलाबांवर जात असे, पण त्यांना भान नसे. "हा माणूस मनाने आपल्याकडचाच आहे बघ," ते म्हणत, "आग्रह झाल्याशिवाय पानावर बसत नाही." साहेबांचं सरकार पडलं त्या रात्री काका जेवत नसत. नुसती खिचडी घेत. इटलीचा स्वभाव माहीत असल्यामुळे काकूंनी मुगाची डाळ कधी संपू दिली नाही.

गावातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचे काका कायमचे अध्यक्ष होते. कायमचे म्हणजे दर वर्षी नव्याने. समितीला ते मंत्रिमंडळ म्हणत आणि ते बनवताना पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा सगळ्या घटक पक्षांना सांभाळून घेत. कोल्हापूरला स्वयंपाक दिला की नागपूर रुसे, म्हणून नागपूरला ध्वनिक्षेपक मिळे, आणि पुण्याला काहीच काम न देता देखरेख दिली की पुणे खूश. मग गणपतीच्या आधी केव्हातरी, प्रसादाच्या शिऱ्यात केळं घालावं की नाही असल्या प्रश्नावरून, काका तत्त्वासाठी राजीनामा देत. त्या संध्याकाळी जुने सभासद त्यांच्या घरी जमत. काकूंनी चहा आधीच टाकलेला असे. सगळे म्हणत, अहो असं काय करता. काका हात जोडून नाही म्हणत, पुन्हा नाही म्हणत, आणि मग चिवड्याची बशी संपता संपता सुस्कारा टाकून म्हणत, ठीक आहे, देशासाठी. मग घाईघाईने 'मंडळासाठी' अशी दुरुस्ती करत. इतकी वर्षं हे असंच चाललं आणि यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. काकांची मुलगी ग्लासगोला डॉक्टर आहे. तुम्ही दोघं इकडे राहायला या म्हणून ती बरेच दिवस मागे लागली होती. काकूंची तयारी होती. काकांची नव्हती. त्यांचं सगळं माणूसपण या गावात होतं, दर खांबापाशी थांबून बोलायला कोणीतरी होतं. पण आपल्याला जायचं नाही असं सरळ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते मुलीला सांगत, "मी येईन गं, पण मंडळ मला सोडत नाही." शेवटी काकूंनीच तोडगा काढला. मंडळाने ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी ग्लासगो. काका आनंदाने कबूल झाले, कारण मंडळ सोडेल अशी त्यांना कल्पनाही नव्हती.

यंदा मंडळात नवी मंडळी बरीच आली. पुण्या-नागपूरकडची, व्हिसावरची, कामाला चोख आणि स्वभावाने फार चांगली. चर्चचा हॉल पाचला रिकामा करून द्यावा लागतो, म्हणून गणपतीच्या जेवणाला पंगतीऐवजी बुफे ठेवू, असं त्यांनी सुचवलं. काका उखडले. बुफेत माणूस आपलं आपण वाढून घेतो, मग मंडळ कशाला हवं, हा त्यांचा मुद्दा. साहेब जसे आपलं पद ठरावाला बांधत, ठराव हरलो तर मीही जातो म्हणत, तसं त्यांनीही बांधलं. व्हॉट्सॲपवर मतदान झालं, बुफे जिंकला, आणि काकांनी ग्रुपवर राजीनामा टाकला. इतकं सुंदर मराठी त्या ग्रुपने पूर्वी पाहिलं नव्हतं. शेवटी इटालियनमध्येही एक ओळ होती.

मग काकांनी बैठकीची खोली आवरली. काकूंनी चहाचं आधण ठेवलं. मी तिथेच बसलो होतो. फोन वाजत होता तो उत्तरांनी. अंगठा, जोडलेले हात, पुन्हा अंगठा. कोणी लिहिलं होतं, 'काका, enjoy your retirement'. नव्या सेक्रेटरीने लिहिलं होतं, 'तुमच्या decision चा पूर्ण respect आहे'. कोणी आलं नाही; जुन्यांना वाटलं, या वेळी नवे जातील. मला राहवेना, मी म्हणालो, काका, तुम्ही सोडू नका. त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "तू शेजारी आहेस. तुझं म्हणणं घटनेत बसत नाही." काकूंनी आधण उतरवलं. "आपल्या मंडळाला राष्ट्रपती नाही," त्या म्हणाल्या, "हे आधी बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीला गाठलं आणि आमची जुनी रीत समजावून सांगितली. ती बिचारी नागपूरची पोर, तिचा चेहरा उतरला. "अरे बापरे, म्हणजे काकांना जायचं नव्हतं? मग त्यांनी तसं सांगायचं ना. एखाद्याने ठरवल्यावर त्याला force करणं बरोबर नाही, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो." त्यांनी आपल्या परीने काकांचा मान राखला होता. काकांची समजूत घालायला ती त्याच दिवशी गेली, पण काकांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. सांगून करवलेला आग्रह त्यांना चालत नव्हता. ग्लासगोला फोन झाला होता आणि काका दिल्या शब्दाचे पक्के.

घर विकलं गेलं, आणि सामानाचा ट्रक आला त्या सकाळी सगळं मंडळ रस्त्यावर होतं. जुने, नवे, व्हिसावरचे, इथेच जन्मलेली पोरं. प्रत्येकाच्या हातात डबा. सेक्रेटरीने काकांचा हात धरला आणि म्हणाली, काका, नका ना जाऊ. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग सगळेच म्हणायला लागले. इंग्लंडात वाढलेला एक मुलगा म्हणाला, "काका, तू थांब ना, माझा गणपतीचा आरती कोण शिकवणार?" त्याचं मराठी दुरुस्त करायचंही कोणाला सुचलं नाही. काकू गाडीत बसून पट्टा लावत होत्या. काका दाराला हात लावून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर तो ठीक आहे म्हणतानाचा भाव आलेला मला स्पष्ट दिसला. घराची किल्ली नव्या मालकाकडे गेलेली होती.

"आता पुरे," काका म्हणाले. "आता आग्रह करू नका रे. मी हो म्हणेन."