बाईंसाठी ठेवलेलं पुस्तक

देवगडात रविवारी दुपारी बँकेतला एक कारकून मला, माझ्या भावाला आणि शाळेतल्या बाईंना फाशांचा खेळ खेळवायचा. प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची; बाई वैदीण व्हायच्या. एरवी मालवणी बोलणारा तो नियम सांगताना शुद्ध मराठीत शिरायचा. त्याच्या बोटीवरच्या मेव्हण्याने या खेळाच्या जादा नियमांची दोन पुस्तकं आणली, एक हत्यारांचं, एक वैद्यकीचं. आम्हा भावांना हत्यारांचं हवं होतं. कारकुनाने दोन्ही वाचून वैद्यकीचं तेवढं ठेवलं.

"हत्यारां वाढली की भांडणां वाढतली," तो नियमांची शुद्ध मराठी विसरून मालवणीत म्हणाला. "आणि बाईंची वैदीण नुसती तुमच्या जखमा बांधीत बसता. तिका पण कायतरी करूक मिळांदे."

खुर्ची पुढे ओढून बाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून फासे मागितले.