पहिल्या पानावरची नावं

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करायच्या मृतांच्या दिवसाची ती अंधेरीतली सकाळ आठवते. आई डॅडींच्या कबरीवर निघाली होती. मी नुकतंच चर्च सोडून फक्त बायबल मानणाऱ्यांच्या सभेला जाऊ लागलो होतो. घरचं बायबल तिच्यापुढे आपटून ओरडलो, “मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं यात कुठे लिहिलंय? दाखव ना!”

आईला वाचता येत नव्हतं. तिने पहिलं पान उघडलं. तिथे डॅडींच्या अक्षरात घरातल्या मृतांची नावं होती.

“डॅडी दरवर्षी वाचायचे. यंदा तू वाच.”

मी बायबल मिटलं. ती एकटीच गेली.

आज यादीच्या शेवटी डॅडींचं आणि आईचं नाव लिहून मी ती अख्खी मोठ्याने वाचली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं वचन मला अजून सापडलेलं नाही. खाली माझ्या नावापुरती एका ओळीची जागा उरली आहे. ती ओळ कोण वाचेल, हे कुठेच लिहिलेलं नाही.