चिखलावरची कार्यशाळा

परदेशात भरणाऱ्या रोबोटिक्सच्या मोठ्या परिषदेत मुख्य भाषणांच्या आधी कार्यशाळा आणि ट्युटोरियल होतात. विषय कोणीही सुचवू शकतं, म्हणजे कागदावर तरी कोणीही. डहाणूत राहून जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्यासारखीने सुचवला, तर निवड करणारे लोक आधी नकाशा उघडून बसतील, हे मला ठाऊक होतं. पण या वेळी माझ्यासोबत माझी मैत्रीण होती.

सायवनच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा, ओहोळाच्या अलीकडे माझा. तलासरीच्या वसतिगृहात आमच्या वळकट्या शेजारी शेजारी असायच्या. गणित तिचं पक्कं. मी बंद पडलेले रेडिओ खोलायची आणि बहुतेक वेळा ते कायमचे बंद करून टाकायची. पुढे ती मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत गेली, मी इथे राहिले. तिचा हेवा मला कधी वाटला नाही. खोटं कशाला बोलू, वाटला. पण बहिणीच्या नव्या साडीचा वाटतो तेवढाच.

विषय आमच्या दोघींचा होता: चिखलात चालणारी यंत्रं. प्रयोगशाळेतले रोबो गुळगुळीत फरशीवर चालतात, जिने चढतात, हल्ली तर नाचतातही. त्यांना भाताच्या खाचरात उतरवलं की पाय रुतवून गप्प उभे. माझ्या विद्यार्थ्यांनी चार पायांचं एक छोटं यंत्र बनवलं होतं आणि आम्ही ते माझ्या बाबांच्या खाचरात चालवून बघायचो. बाबा बांधावर बसून विचारायचे, "तुमच्या रेड्याला अजून चालाय येत नाय काय?" पोरं हसायची, यंत्र आडवं व्हायचं, आणि मी गुडघाभर चिखलात उतरून त्याला बाहेर काढायची.

प्रस्ताव आम्ही सकाळी, माझ्या कॉलेजच्या आधी, फोनवर लिहायचो. ती माझं इंग्रजी सुधारायची, मी तिचा चिखल. तिने एकदा लिहिलं की चिखल सगळीकडे सारखाच आहे असं मानू. मी म्हटलं, "शहरात गेलीस आणि चिखल विसरलीस होय गं?" ती इतकी हसली की तिच्याकडचं कोणीतरी दारातून डोकावून गेलं. वक्ते कोण, आलेल्या लोकांना नुसतं ऐकवायचं की काही करायलाही द्यायचं, हे सगळं ठरलं. परातीत चिखल कालवून लोकांना हात घालायला लावायचा, ही कल्पना तिची. "आपण दोघी एकाच मंचावर," ती म्हणाली. मला त्या परिषदेकडून दुसरं काही नको होतं. जगातले शहाणे लोक समोर बसलेत आणि आम्ही दोघी त्यांना चिखल शिकवतोय, एवढंच हवं होतं.

प्रस्ताव मी पाठवला. तिथे नियम असा की ज्यांची नावं आयोजक म्हणून दिली आहेत, त्या प्रत्येकाने मेलमधल्या दुव्यावर जाऊन आपला होकार कळवायचा. एकाचाही राहिला तर प्रस्ताव विचारात घेत नाहीत. मी माझा लगेच दिला. तिच्या नावापुढे मात्र 'प्रतीक्षेत' असंच दिसत राहिलं. इथे आमचं घोडं पेंड खाऊ लागलं.

मी तिला आठवण करून दिली नाही. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना हे वेडेपणाचं वाटलं. "एक मेसेज टाकायला काय जातं?" पण आमच्याकडे आवणीला कोणी कोणाला बोलवत नाही. आज कोणाच्या खाचरात रोपं लावायची आहेत ते सगळ्या पाड्याला माहीत असतं, आणि माणसं आपोआप येतात. बोलवायला गेलात तर फणकारतात, "आम्ही काय पाव्हणे हाव?" आपल्या माणसाला आमंत्रण देणं म्हणजे त्याच्या येण्यावर शंका घेणं. तिच्यावर शंका मी कशी घेणार?

मुदत गेली. प्रस्ताव अपुरा म्हणून बाजूला ठेवल्याचं कळलं. तेव्हा मी फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मला राग यायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. आमच्या पाड्यात न येण्याचा एकच अर्थ असतो, त्या घरात काहीतरी वाईट झालंय. म्हणून जो आला नाही त्याच्या घरी संध्याकाळी कोणीतरी जाऊन बघून येतं. रविवारी मी सायवनची एसटी पकडली आणि तिच्या आईकडे गेले.

काकी अंगणात तांदूळ पाखडत होत्या, अगदी धडधाकट.

"ये गे पोरी! आज कशी काय वाट चुकली?"

"सहज आले. ती बरी आहे ना, काकी?"

"बरी? अगं, उडतेय ती! तिच्या संस्थेतल्या मोठ्या सरांसंगं परदेशात जाणार हाय. ते चिखलातल्या मशीनचं नाय का, ते शिकवाय. सरांनी तिचं नाव घातलंय त्यात." सूप खाली ठेवून त्यांनी मायेने माझा हात धरला. "तुझं पण असेल ना गं? तुमचं दोघींचंच ना ते?"

एका माणसाला एकाच प्रस्तावात आयोजक म्हणून होकार देता येतो. हाही नियमच होता, आणि तो मीच तिला वाचून दाखवला होता.

"हो काकी," मी म्हटलं. "माझंही आहे."

काकींना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. आईचा फोन तिने पहिल्याच घंटीला उचलला. काकींनी आवाज मोठा केला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

पलीकडून बारीक आवाजात, "तू तिथे काय करतेस?"

"तू आली नाहीस ना, म्हणून बघायला आले."

काकी हसल्या. "ही कुठं येणार होती गे आता? सुट्टी नाय तिला."

तिला मात्र कळलं. ती त्याच मातीतली होती. मी देवाकडे मागत होते की हिने काहीतरी कारण सांगावं. ताप म्हणावं, सरांचा दबाव म्हणावं, साफ खोटं बोलावं. मी विश्वास ठेवला असता.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मी फोन काकींना परत दिला आणि चपला घातल्या. न आलेलं माणूस आजारी निघालं तर त्याच्या घरी पेज नेतात, त्याच्या वाटणीची रोपं बाकीचे लावतात. घरात मयत झालं असेल तर सगळी आवणी थांबते. बरं असलेलं माणूस आलंच नाही, तर काय करतात, हे मला आमच्या पाड्यात कोणी शिकवलं नव्हतं.