काटाघरातला कर्सर

मोहाडीकडच्या एका राईस मिलच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहिला. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं आणि बाणाच्या बटनांनी हलणारा कर्सर. माउस नाहीच, कोंड्याच्या धुळीत तो महिनाभरही टिकत नाही. लोक विचारतात, "प्रोग्राम कसा चाललाय?" आणि मी किस्सेच सांगत सुटतो. त्या लुकलुकणाऱ्या रेघेनं दिलेत तरी किती!

पहिला माझ्याच अब्रूचा. कर्सर कुठे न्यायचा ते कॉम्प्युटरला सांगताना आधी ओळ द्यायची, मग रकाना. मी नेमकं उलटं लिहिलं! वजन जाऊन बसलं नावाच्या जागी, आणि पावतीही तशीच छापली. एका शेतकरी काकांनी मोठ्यानं वाचलं, "नाव : बावीस क्विंटल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मायबापानं तं मले दुसरं नाव ठेवलं होतं जी!"

मग काट्यावर पावत्या करायला रत्नाताई आल्या. वरठीहून सायकलनं यायच्या. नवऱ्याचं काम सुटलेलं, नोकरी हवीच होती. मॅनेजर म्हणाले, "महिनाभर ट्रायल. जमलं तं ठेवू."

पहिल्याच दिवशी त्यांचा फोन. मी विचारलं, "ताई, कर्सर कुठे आहे?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दबक्या आवाजात, "कर सर तं आज आलेच नाई जी. काही निरोप देऊ का?"

दुसऱ्या दिवशी कर्सर ओळीच्या शेवटी अडकला. मी म्हटलं, "होम दाबा, होम!"

"आताच घरी जाऊ? दोन ट्रॅक्टर उभे हायेत ना सर!"

पण बाई शिकल्या भराभर. एकदा मॅनेजर स्वतः खुर्चीवर बसले आणि ओरडायला लागले, "काहून पळून राहिला हा कर्सर खाली खाली?" मी वायर तपासली, प्रोग्राम तपासला. रत्नाताई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमचं पोट बटनावर टेकलं जी."

हमाल हसले, मीही हसलो. साहेब मात्र हसले नाहीत, आणि मला ताईंच्या नोकरीची काळजी वाटायला लागली.

ट्रायलचा शेवटचा दिवस. धानाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेलेली आणि मॉनिटर बंद पडला! कीबोर्ड चालू, प्रिंटर चालू, स्क्रीनवर काहीच नाही. मी भंडाऱ्याहून दुसरा मॉनिटर घेऊन निघालो. तिकडे मिलमध्ये ताईंनी पावत्या काढायला सुरुवातही केली. मॅनेजर म्हणाले, "एक जरी चुकली, तं उद्यापासून येऊ नको!"

मी पोचलो तोवर अकरा पावत्या झाल्या होत्या. आम्ही एकेक तपासली. नाव नावाच्या जागी, गाव गावाच्या जागी, वजन वजनाच्या जागी.

मॅनेजरांनी पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. शेवटी विचारलं, "काही दिसतच नव्हतं, तं कर्सर कुठं हाये हे तुले समजलं कसं?"

रत्नाताई बाराव्या ट्रॅक्टरचा नंबर टाइप करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "चिखलात रोपांचा रोवणा करताना उलट्या पायानं जातो आमी, साहेब. मागं पाहू पाहू धान लावते का कोणी?"