नीलकवच फिल्टर, भाऊजी आणि माझी सही

जगात जशी वाईट माणसं असतात तसे वाईट ऑइल फिल्टरही असतात, आणि आमच्या घरी दोन्ही एकाच रविवारी, एकाच स्कूटरवरून आले.

हे वाक्य माझं आहे. मी ते जाहीरपणे प्रसिद्धही केलं होतं (म्हणजे कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं होतं, पण ठळक अक्षरांत). नंतर ते तितक्याच जाहीरपणे मागेही घेतलं. का, ते खाली येईलच.

पत्रक लिहिणाऱ्याने आपली बाजू लपवू नये, म्हणून आधीच सांगते. मी वैशाली, मुक्काम मरोदा, भिलाई. बागेतला झोपाळा तुटला की मी पत्रक काढते. नळाला गढूळ पाणी आलं की पत्रक काढते. आई म्हणते, "भाजीत मीठ जास्त झालं तं मले तोंडी सांगत जाय माय, छापत नको जाऊ."

आमचे बाबा स्टील प्लांटच्या मेंटेनन्स शॉपमधून रिटायर झाले, पण शॉप काही बाबांमधून रिटायर झालं नाही. अंगणात त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असते. तिचं ऑइल बाबा घरीच बदलतात आणि त्याला शॉपचेच दोन नियम लागू आहेत. पहिला नियम रिंगचा. फिल्टरच्या तोंडाशी रबराची रिंग असते. कधीकधी जुना फिल्टर निघून येतो, पण रिंग इंजिनालाच चिकटून राहते. म्हणून बाबा वरून ओरडतात, "रिंग?" आणि गाडीखालच्याने नीट बघून ओरडायचं, "आली!" दुसरा नियम सहीचा. नवा फिल्टर जो बसवेल त्याने त्यावर मार्करने आपलं नाव लिहायचं. "शॉपमधी बिना नावाचं काम म्हणजे भुताचं काम," असं बाबा म्हणतात.

दहावीपासून गाडीखालची ती जागा माझी. माझा हात बारीक, बरोबर फिल्टरपर्यंत पोचतो. "वैशूचा हात म्हणजे माहा तिसरा हात आहे," बाबा शेजारच्या साहूजींना सांगायचे, आणि मी गाडीखाली, नाकावर ऑइलचा थेंब घेऊन, धन्य व्हायचे!

मग ताईचं लग्न झालं आणि चौथा हात आला.

भाऊजी रायपूरला बँकेत आहेत. शर्ट पांढरा, भांग सरळ, आवाज हळू. असा माणूस गाडीच्या बॉनेटकडे फिरकणार नाही अशी माझी समजूत होती. पण हा माणूस रोज जेवताना ऑइल फिल्टर उभे चिरण्याचे व्हिडिओ बघतो! (ताईनेच सांगितलं. रडवेली होऊन.) त्या रविवारी ते ताईला घेऊन स्कूटरवरून आले ते पेढे घेऊन नाही, तर नीलकवच कंपनीचे दोन फिल्टर घेऊन. एक बसवायला, एक चिरायला!

"बाबा, तुम्ही तो शेरदिलचा फिल्टर कावून लावता?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

"कावून म्हणजे?" उत्तर मी दिलं. "वीस वर्षांपासून लावून राहिलो आम्ही! दुर्गच्या जुन्या बाजारातून मी स्वतः आणते!"

"वीस वर्षं लावलं म्हणून चांगलंच असते असं नाही ना, वैशाली," भाऊजी नम्रपणे म्हणाले. (ते सगळं नम्रपणेच म्हणतात. निम्मा राग त्याचाच.)

"मंग काय व्हिडिओवाला सांगन आमाले?"

"व्हिडिओवाला नाही सांगणार. फिल्टरच सांगन. चिरून पाहू."

त्या दिवशी दुपारी दुर्गला मावशीच्या मुलीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. आई सकाळपासून ओटीचं सामान बांधत होती आणि दर दहा मिनिटांनी "आज नका करू हो ते ऑइल" म्हणत होती. पण बाबांचे डोळे चमकले होते. त्यांनी आरी काढली. आरीचा आवाज ऐकून साहूजी कुंपणावरून डोकावले, मग चहाचा कप घेऊन थेट अंगणातच आले.

माझा शेरदिल एकच होता. तो चिरला! शहीद झाला बिचारा. मग भाऊजींचा नीलकवच चिरला. भाऊजींनी दोन्हींच्या पोटातले ऑइल गाळणारे कागद वर्तमानपत्रावर पसरले आणि बोटाने घड्या मोजल्या (जितक्या जास्त तितकं गाळणं चांगलं, म्हणे). नीलकवचच्या बासष्ट. शेरदिलच्या त्रेचाळीस.

"घड्या काय चाटायच्या आहेत?" मी म्हणाले. "कागदाची जात पाहा!"

बाबांनी जात पाहिली. शेरदिलचा कागद त्यांच्या चिमटीत फाटला. मग साहूजींनी माझ्या फिल्टरचं झाकण नखाने टोकरलं आणि पुठ्ठ्याचा तुकडा वर धरून गावभर ऐकू जाईल असं म्हणाले, "नोनी, तोर वाला म त पुट्ठा लगे हे!"

(नोनी म्हणजे पोरी; साहूजी छत्तीसगढीतच बोलतात.) भाऊजींच्या फिल्टरला पत्र्याचं झाकण होतं. अर्थात असणारच!

बाबा हात पुसत उठले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमचा डोळा तं एकदम शॉपफ्लोअरचा आहे!"

वाचकहो, मी विचारते! दहा वर्षं नाकावर ऑइल कोणी झेललं? आणि डोळा कोणाचा? बँकवाल्याचा! एवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. पण बाबांनी आईला हाक मारली, "अवं, जवाईबापूले माह्या गिलासात चहा आण!" तो स्टीलचा मोठा गिलास बाबांना शॉपमधून निरोपाच्या दिवशी मिळाला होता. त्यातून पाणी प्यायले म्हणून मला एकदा रागावले होते.

"चाल वैशू, तू खाली जाय. नीलकवच लाव."

म्हणजे डोळा त्यांचा, गिलास त्यांचा, आणि पाठीला माती माझ्या!

मी गाडीखाली शिरले. जुना फिल्टर पान्याने सैल करून काढला. गाडीखालून मला भाऊजींचे मोजे दिसत होते (पांढरे!) आणि त्यांच्या वर फुंकर मारून चहा पिण्याचा आवाज येत होता. बाबांच्या गिलासातून!

"रिंग?" बाबा वरून ओरडले.

माझं सगळं लक्ष मोज्यांवर होतं. "आली!" मी ओरडले.

नीलकवच असा आवळला की जणू भाऊजींचा कानच पिळते आहे. मग मार्कर काढून त्यावर हे एवढं मोठं "वैशाली" लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. निदान सही तरी माझी! बाबांनी ऑइल भरलं, इंजिन दोन मिनिटं चालवून पाहिलं. काही गळलं नाही. भाऊजी म्हणाले, "एक नंबर!"

बाराच्या सुमारास आम्ही दुर्गला निघालो. गाडीत बाबा, आई आणि मी. मागून स्कूटरवर भाऊजी आणि ताई, साक्षगंधासाठी दोघंही मोतिया रंगात. अर्धा रस्ता गेला नाही तोच मागून हॉर्न सुरू झाला. पीं पीं पीं! आरशात पाहिलं, तर भाऊजी एक हात सोडून हवेत हलवत होते.

"काय म्हणून राहिले जवाईबापू?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. समोर जायचं आहे त्याईले. शायनिंग मारून राहिले. साइड नका देऊ बाबा!"

बाबांनी साइड दिली नाही. भाऊजी डावीकडून आले, आम्ही डावीकडे. उजवीकडून आले, आम्ही उजवीकडे! आई म्हणाली, "अवं वैशू, ताई कावून पदरानं तोंड झाकून राहिली?" एवढ्यात बाबांच्या समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. बाबांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली.

खाली उतरलो. आमच्या मागे रस्त्यावर, भिलाईकडे नजर पोचेपर्यंत, एक काळी चकचकीत रेघ होती. आणि त्या रेघेच्या टोकाला भाऊजी. मोतिया कुर्त्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके, चष्म्यावर ठिपके, ताईच्या पदरावर ठिपके. दोघं बिबट्यासारखे दिसत होते!

"बाबा, ऑइल गळून राहिलं," भाऊजी नम्रपणे म्हणाले.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की आईच्या हातातलं ओटीचं ताट मीच धरलं, नाहीतर मी नाचले असते. "पाहा! पाहा नीलकवच! बासष्ट घड्या! पत्र्याचं झाकण! घ्या!"

बाबा वाकून गाडीखाली पाहत होते. म्हणाले, "फिल्टरपासूनच गळून राहिलं, हे खरं." भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी त्या कुर्त्यातच साहूजींना फोन लावला. साहूजी पिकअप घेऊन आले आणि गाडी ओढून घरी नेली. आम्ही ऑटोने साक्षगंधाला पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते. साइड देऊ दिली नाही म्हणून आई माझ्यावर चिडली होती. मला पर्वा नव्हती. मी पंगतीत बसून एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्या हाताने लिहीत होते:

"जागे व्हा, नागरिकांनो! चकचकीत डब्यांना भुलू नका! आज आमची गाडी भर रस्त्यात बंद पडली, उद्या तुमची! आमची मागणी: उद्या सकाळी आठ वाजता आमच्या अंगणात हा फिल्टर सर्वांसमक्ष उघडला जाईल. दोषी कोण ते नावानिशी जाहीर करा! दोषीने सर्वांसमोर हात जोडून माफी मागावी!"

वर ते वाईट माणसांचं वाक्य. पाठवलं!

सकाळी पावणेआठलाच अंगण भरलं. निम्मी कॉलनी, सगळ्यांत पुढे साहूजी, बसायला घरचा वेताचा मोडा घेऊन. भाऊजी आणि ताई रात्री आमच्याकडेच राहिले होते. भाऊजींनी बाबांचा जुना सदरा घातला होता (तोही मिळाला त्यांना!). "मी काढतो," म्हणत ते स्वतःच गाडीखाली शिरले. मी बॉनेटपाशी उभी राहिले, दोन्ही हात कमरेवर.

"रिंग?" बाबा सवयीने ओरडले.

खालून उत्तराऐवजी नखाने काहीतरी खरवडल्याचा आवाज आला.

मी वाकून पाहिलं. भाऊजींच्या एका हातात नीलकवच होता, त्याच्या तोंडाशी त्याची नवी कोरी रिंग. दुसऱ्या हाताने ते इंजिनाला चिकटलेली आणखी एक रिंग नखाने सोलून काढत होते. जुनी. काळी. शेरदिलची. रिंगवर रिंग बसली होती, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर त्या दोन रबरांच्या मधून सगळं ऑइल निघून गेलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आणि त्या माणसाने ती जुनी रिंग हळूच सदऱ्याच्या खिशात घातली!

मग बाहेर येऊन म्हणाले, "बाबा, माझीच चूक झाली. फिल्टर माझ्यामुळेच बदलला. मी माफी मागतो." आणि त्यांनी सगळ्या कॉलनीसमोर खरोखर हात जोडायला घेतले.

बायकांमधून "किती गुणाचा जवाई!" असा उसासा आला. बाबांचे डोळे भरून आले. आई म्हणाली, "लाखात एक आहे हो!"

माझ्या डोक्यात संतापाचा स्फोट झाला. डोळा घेतला! गिलास घेतला! सदरा घेतला! आणि आता माझी चूकसुद्धा घेऊन राहिला हा माणूस!

"थांबा!" मी ओरडले. "ती चूक माझी आहे! खिशात पाहा त्याईच्या, रिंग आहे! न पाहता 'आली' कोणी म्हटलं? मी! बसवला कोणी? मी! सही पाहा!"

साहूजींनी फिल्टर घेऊन आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि उंच धरला. सकाळच्या उन्हात "वैशाली" लखलखत होतं. खाली दोन रेघा.

"नोनी," साहूजी म्हणाले, "नाव त जाहिर होगे."

मी हात जोडले. सगळ्यांसमोर. बाबांनी दोन्ही रिंगा तळहातावर घेतल्या आणि हळू आवाजात विचारलं, "रिंग?"

"दोन्ही आल्या," मी म्हणाले.

त्यांना हसू आवरेना. "चूक माही आहे म्हणून एवढ्या जोरानं भांडणारा मानूस मी शॉपमधी बी नाही पाह्यला," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, तेलकट हाताने. आता आमच्या गाडीला नीलकवच लागतो. खाली मीच जाते, पण "रिंग?" म्हटलं की आधी रिंग बाहेर दाखवावी लागते.

पहिल्या पत्रकाचं खंडनही मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, तेही ठळक अक्षरांत. त्याला एकाच माणसाने लाइकचा अंगठा दिला, पहिल्याच मिनिटाला, खाली लिहून: "फार छान लिहिलंस, वैशाली." भाऊजींनी. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.